नवतप्यातही शांत राहणारा कॉम्प्युटर : कमी खर्चात कसा जुळवायचा

आवाजाचा त्रास होणाऱ्या माणसासाठी कॉम्प्युटर जुळवताना बहुतेक जण डेसिबलच्या आकड्यामागे लागतात. आकड्याला महत्त्व आहेच. पण मायग्रेन असलेली मुलगी, ऑटिझम असलेला लहानगा किंवा साध्या आवाजानेही ज्यांचे कान दुखतात असे आजोबा, यांना सर्वांत जास्त छळतात दोन गोष्टी : सतत वरखाली होणारा आवाज आणि बारीक शीळ. पंख्याचा एकसारखा मंद आवाज थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. दर दहा सेकंदांनी चढून उतरणारा तोच पंखा मात्र डोकं उठवतो. शीळ तर त्याहून वाईट, कारण माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो.

म्हणून या लेखातली प्रत्येक निवड तीन गोष्टींवर ठरवली आहे. उष्णता मुळात कमी तयार व्हावी. पंखे मोठे, थोडे आणि हळू असावेत, आणि त्यांचा वेग सहसा बदलू नये. शीळ घालणारे भाग घरातच येऊ नयेत.

नागपूरचं गणित

इंटरनेटवरचे शांत कॉम्प्युटरचे बहुतेक सल्ले २०-२५ अंशांच्या खोलीसाठी असतात. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याने स्वतः निर्माण केलेली वाढ. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६० वर राहत असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर, तेच काम करताना, ७७ च्या आसपास जातो. नागपुरात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, मे महिन्यात दुपारी कूलर बंद असला तर ४० अंश हे काही नवल नाही. तेव्हा हिशोब नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांचा धरा. २५ मेच्या सुमारास जो कॉम्प्युटर सांभाळून चालतो, तो डिसेंबरात आपोआप शांत असतो. उलट जमत नाही.

उन्हाळ्यात कूलर सुरू असताना कॉम्प्युटरचा आवाज ऐकू येतच नाही, मग कशाला एवढा खटाटोप, असं वाटू शकतं. पण ज्याच्यासाठी हे करायचं आहे त्याला त्रास होतो तो कूलर बंद झाल्यावर : पहाटे, पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या रात्री, जेव्हा खोलीत दुसरा आवाजच नसतो.

नवं घेण्याआधी : घरात असलेल्या कॉम्प्युटरचा आवाज शोधा

घरी जुना कॉम्प्युटर असेल तर आधी त्याच्यावर एक तास घालवा. अनेकदा एखादाच भाग गुन्हेगार निघतो आणि हजार-दीड हजारात काम होतं.

रात्री पंखा, कूलर, फ्रिज सगळं शांत असताना कॉम्प्युटर सुरू करा. बागेत पाणी घालायच्या नळीचा मीटरभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक कॅबिनेटवरून हळूहळू फिरवा. मागे वरच्या बाजूला, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीपाशी, पुढच्या पंख्यांपाशी, हार्ड डिस्कच्या खणापाशी. आवाज जिथे एकदम ठळक होतो, तिथे त्याचं घर. कॅबिनेट उघडं असेल तर नळी फिरत्या पात्यांपासून चार बोटं लांब ठेवा.

मोबाइलमधली डेसिबल दाखवणारी ॲप ३०-३५ च्या खाली विश्वासाची नसतात. पण अँड्रॉइडवरचं स्पेक्ट्रॉइड हे मोफत ॲप आवाजाची वारंवारता दाखवतं आणि ती फार उपयोगी पडते. स्क्रीनवर १०० हर्ट्झला टोक दिसलं तर तो विजेचा गुणगुणाट : आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीने थरथरतो. म्हणजे यूपीएस किंवा इन्व्हर्टर तपासा. १२० ला टोक असेल तर ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क, ९० ला असेल तर ५,४०० फेऱ्यांची. पंख्याचं गणित असं : मिनिटाच्या फेऱ्या भागिले ६० गुणिले पाती. सात पात्यांचा पंखा १,२०० फेऱ्यांवर १४० हर्ट्झचा सूर काढतो. काही हजार हर्ट्झची बारीक सुई दिसली तर ती कॉइलची शीळ, तिच्याबद्दल पुढे.

दोन उपाय फुकट आहेत. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. एवढ्यानेच टर्बो, म्हणजे प्रोसेसरने आपोआप वेग वाढवणं, बंद होतो, प्रोसेसर क्षणिक उसळ्या मारत नाही आणि पंख्याची चढउतार थांबते. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घाला. हलत्या जाहिराती प्रोसेसरला उगाच कामाला लावतात आणि ते काम शेवटी पंख्यातून ऐकू येतं.

तिसरा उपाय अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, खोलीत थोडा कमी. पाच मीटरची एचडीएमआय केबल आणि पाच मीटरपर्यंतची यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन कॅबिनेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला किंवा भिंतीपलीकडे ठेवता आलं, तर यापेक्षा स्वस्त शांतता नाही. फक्त कॉम्प्युटर टेबलाच्या त्या बंद लाकडी खणात कॅबिनेट कोंबू नका. तिथे गरम हवा फिरून फिरून आत येते आणि पंखे दिवसभर पूर्ण वेगाने धावतात.

दोन वाटा

नवं जुळवायचं ठरलं की वापर विचारा. एमपीएससीची तयारी, ऑनलाइन वर्ग, टायपिंग, टॅली, यूट्यूब एवढंच असेल तर पंखा नसलेला कॉम्प्युटर पुरतो. फोटो-व्हिडिओ एडिटिंग, प्रोग्रामिंग, बऱ्यापैकी जड काम असेल तर मोठ्या हळू पंख्यांचा टॉवर.

पहिली वाट : इंटेलचा एन१०० प्रोसेसर. २०२३ मध्ये आलेला, चार कोरचा, कागदावर ६ वॉटचा. तो मदरबोर्डवर जोडूनच येतो आणि त्यावर फक्त ॲल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, असतो. असूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ आणि एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हे या प्रकारचे दोन बोर्ड. दोघांतला फरक लक्षात ठेवा. एएसरॉकचा बोर्ड लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतो, त्याला एसएमपीएस लागत नाही, म्हणजे एक पंखा कायमचा कमी. असूसच्या बोर्डला नेहमीचा २४ पिनांचा एसएमपीएस लागतो. असूसला लॅपटॉपची छोटी रॅम लागते, एएसरॉकला डेस्कटॉपची लांब. दोन्हीकडे रॅमचा खण एकच, म्हणून ८ जीबी घेऊन पुढे वाढवू असा विचार करू नका. १६ जीबीची एकच पट्टी घ्या. ॲडॅप्टरच्या पिनेचा आकार आणि ध्रुव बोर्डच्या पुस्तिकेत बघूनच घ्या, आणि अनोळखी स्वस्त ॲडॅप्टर टाळा. शीळ घालणारा पहिला संशयित बहुतेक तोच असतो.

एन१०० आधुनिक एव्ही१ व्हिडिओही हार्डवेअरमध्ये उलगडतो, त्यामुळे यूट्यूब बघताना त्याला घाम फुटत नाही. एकच गोष्ट नागपूरसाठी जोडायची : उन्हाळी पंखा. १२० मिलिमीटरचा एक पंखा हीटसिंककडे तोंड करून बसवा आणि ५ व्होल्टच्या यूएसबी केबलने चालवा. १२ व्होल्टसाठी बनलेला, १,५००-१,८०० फेऱ्यांचा पंखा ५ व्होल्टवर साधारण ६००-७०० फेऱ्यांनी फिरतो आणि हाताच्या अंतरावरही जेमतेम ऐकू येतो. वेग बदलत नाही, हे आपल्याला हवंच आहे. पावसाळा लागला की केबल काढून ठेवा. काही पंखे ५ व्होल्टवर सुरूच होत नाहीत, एक हलका धक्का मागतात. असा पंखा दुकानातच बदलून घ्या.

बाजारात अगदी छोटे तयार मिनी पीसीही मिळतात, नवे आणि ऑफिसांतून निघालेले जुने. त्यांच्यात बहुधा तळहातापेक्षा लहान ब्लोअर पंखा असतो. छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरतो आणि त्याचा सूर बारीक असतो. खात्रीने पंखारहित असेल तरच घ्या.

दुसरी वाट : टॉवर. इथे रायझन ५ ५६००जी किंवा इंटेल आय३-१२१००, दोन्ही चालतील. ५६००जी सहा कोरचा आणि ६५ वॉटचा; त्याला ४५ वॉटवर बांधता येतं आणि रोजच्या कामात फरक जाणवत नाही. आय३ चार कोरचा, स्वस्त. मूळ ६० वॉटचा, पण टर्बोत ८९ वॉटपर्यंत जातो, म्हणून त्यालाही मर्यादा घालायची. घेताना नावामागे एफ नाही ना, हे डब्यावर वाचा. एफवाल्यात ग्राफिक्स नसतं, मग वेगळं कार्ड लागतं आणि कार्डासोबत पंखे येतात. रायझनसाठी ए५२० किंवा बी५५० बोर्ड घ्या. एक्स५७० बोर्ड सेकंडहँडमध्ये स्वस्तात दिसला तरी सोडून द्या. त्यातल्या बहुतेकांवर चिपसेटचा छोटा पंखा असतो आणि वय झालं की तो कुरकुरायला लागतो.

ग्राफिक्स कार्ड अगदी लागणारच असेल, तर कमी कामात पंखे थांबवणारं, दोन मोठ्या पंख्यांचं घ्या आणि गेममध्ये फ्रेम रेटवर ६० ची मर्यादा घाला.

बर्डीवर खरेदी करताना

नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानांत भाव विचारताना एक अडचण हमखास येते : दुकानदार पूर्ण सेट जुळवून द्यायला बघतो, आणि त्या सेटमध्ये प्रोसेसर चांगला असतो पण कॅबिनेट, पंखे आणि एसएमपीएस जे पडून असतील ते. आपल्याला शांतता लागते ती नेमकी याच तीन भागांत. म्हणून यादी लिहून न्या आणि सरळ सांगा : "भाऊ, कॅबिनेटसोबतचे पंखे जोडू नका. एसएमपीएस यादीतलाच द्या, नसेल तर मागवा, आम्ही थांबतो."

कॅबिनेटसोबतच्या पंख्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. स्वस्त कॅबिनेटच्या पुढे तीन रंगीत पंखे असतात. त्यांची वायर उचलून बघा. टोकाला चार जाड पिनांचा पांढरा मोलेक्स कनेक्टर असेल, तर तो पंखा थेट १२ व्होल्टवर कायम पूर्ण वेगाने फिरणार. मदरबोर्डला त्याच्यावर कसलाही ताबा नसतो. बोर्डाला जोडायच्या पंख्याचा कनेक्टर लहान असतो, तीन किंवा चार छिद्रांचा. मोलेक्सवाले पंखे काढून ठेवा आणि त्या जागी १२० मिलिमीटरचे चार पिनांचे दोनच चांगले पंखे लावा. आर्क्टिकचा पी१२ किंवा नॉक्चुआची रिडक्स मालिका परवडणाऱ्यांत येते. साधे स्लीव्ह बेअरिंगचे पंखे आडवे बसवले की लवकर झिजून टकटक करतात, म्हणून फ्लुइड बेअरिंग विचारून घ्या.

मोठा आणि हळू पंखाच का, याचं कारण साधं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबलची घट कानाला निम्मी वाटते. ६००-७०० फेऱ्यांवरचा १२० मिलिमीटरचा पंखा टेबलाखालून ऐकू येत नाही.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा हवा. आतून फोम लावलेली, पुढून बंद असलेली 'सायलेंट' कॅबिनेटं थंड प्रदेशात ठीक आहेत. फोम फक्त वरचे बारीक सूर शोषतो, खालची घरघर तशीच राहते, आणि हवा अडल्यामुळे आपल्या उन्हाळ्यात पंख्यांना जास्त पळावं लागतं. काचेच्या दारावर पैसे घालवू नका. पत्र्याचं दार पातळ असून थरथरत असेल, तर गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारी बिट्युमेनची डॅम्पिंग शीट आणा, दाराच्या आतल्या बाजूला मधोमध वीतभर चौकोन चिकटवा. दारावर टिचकी मारून बघा : आधी 'टण्ण' वाजत होतं ते 'ठप्प' वाजलं की पुरे. पूर्ण दार मढवायची गरज नाही.

प्रोसेसरचा कूलर टॉवर प्रकारचा, चार हीटपाइपांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा घ्या. डीपकूल एजी४०० किंवा थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० यांच्या पंगतीतला कूलर साधारण दीड ते अडीच हजारांत येतो. या यादीतला हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. प्रोसेसरसोबत फुकट येणारा बुटका कूलर मे महिन्यात ओरडतोच. एजी४०० ची उंची १५० मिलिमीटर आहे. कॅबिनेटच्या डब्यावर कूलरच्या उंचीची मर्यादा लिहिलेली असते, ती आधी जुळवा. आय३ साठी घेताना सोबत एलजीए१७०० चा (आय३ च्या सॉकेटचा) क्लॅम्प आहे ना, हे विचारा. जुन्या साठ्यातल्या डब्यात तो नसतो. संपूर्ण पंखारहित टॉवर कूलरही येतात, उदाहरणार्थ नॉक्चुआचा एनएच-पी१, पण त्याची किंमत बघता तो या बजेटचा नाही.

एसएमपीएसवर कंजूषी नको. आपली मशीन भर कामातही शंभर-सव्वाशे वॉटच खाणार, तरी ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा (कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस घ्या, कारण मोठा एसएमपीएस हलक्या भारावर कमी तापतो आणि त्याचा पंखा हळू फिरतो. डीपकूल पीके५५०डी, कोर्सेअर सीएक्स५५० हे त्या वर्गातले. थोडे जास्त पैसे असतील तर कमी भारात पंखा पूर्ण थांबवणारा घ्या. सीझनिकच्या फोकस जीएक्स आणि कोर्सेअरच्या आरएम मालिकेत ही सोय असते. मात्र जाहिरातीतला आकडा साधारण २५ अंशांच्या खोलीतला असतो. नागपुरी उन्हाळ्यात तो पंखा लवकर जागा होईल, त्यात बिघाड नाही. एसएमपीएसचा आवाज आला म्हणून तो उघडून पंखा बदलायचा प्रयत्न करू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज राहते.

साठवणुकीसाठी फक्त एसएसडी. जुने फोटो, व्हिडिओ हार्ड डिस्कवर असतील तर ती यूएसबीच्या डबीत घाला, बॅकअपच्या दिवशी जोडा, काम झालं की काढा. कॅबिनेटमध्ये फिरती डिस्क असेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. रॅम आणि एसएसडीचे भाव आठवड्यागणिक हलतात, म्हणून हे दोन भाग शेवटी, दोन-तीन दुकानांत विचारून घ्या.

जुळवणी

१. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर बाहेरच बसवा. इंटेलच्या बोर्डावर पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर सरळ वरून अलगद ठेवा, सरकवू नका. वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही.

२. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढा. हे राहून गेलं की प्रोसेसर सुरू होताच नव्वदीला भिडतो. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे पिळा.

३. कूलरच्या पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जाईल अशी दिशा ठेवा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते.

४. कॅबिनेटचे पंखे : पुढे दोन, हवा आत घेणारे. मागे काहीच नाही लावलं तरी चालतं, कारण कूलरचा पंखा मागच्या जाळीकडेच हवा ढकलतो. आत येणारी हवा जास्त राहिली की धूळ फटींतून न येता फक्त पुढच्या फिल्टरमधून येते आणि ती साफ करायला सोपी. पंखे शक्यतो रबरी पिनांनी बसवा. लोखंडी स्क्रू थरथर थेट पत्र्यात नेतात.

५. एसएमपीएसचा पंखा खाली, बाहेरची हवा घेईल असा. कॅबिनेटच्या पायांखाली जुन्या योगा मॅटचे चार दुमडलेले तुकडे ठेवा. टेबलावर ठेवत असाल तर हे सक्तीचं समजा, कारण टेबलाची फळी थरथर कित्येक पटींनी वाढवते.

६. सगळ्या वायरी बांधून घ्या. पंख्याच्या पात्याला घासणारी एक सैल वायर दोन महिन्यांनी 'टर्र' करायला लागते आणि तिचा शोध घेता घेता नाकीनऊ येतात.

जुना रायझन उघडत असाल तर आणखी एक सावधगिरी. एएम४ या रायझनच्या सॉकेटमध्ये वाळलेल्या पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

बायोसमध्ये वीस मिनिटं

भाग कितीही चांगले घेतले तरी हे केलं नाही तर मशीन गोंगाट करणारच. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर, जा.

पहिलं, विजेची मर्यादा. रायझनमध्ये इको मोड ४५ वॉट. इंटेलच्या बहुतेक बोर्डांवर पीएल१ आणि पीएल२ असे दोन आकडे असतात. दोन्ही ४५ करा. दोन्ही सारखेच ठेवण्यामागे कारण आहे : पीएल२ मोठा राहिला तर प्रोसेसर काही सेकंद उसळी मारतो, तापमान उडी घेतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो.

दुसरं, पंख्यांचा प्रकार. चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम, तीन पिनांच्याला डीसी. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर राहिला तर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. 'सेटिंग केलं तरी पंखा ऐकत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

तिसरं, पंख्याची रेषा, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरणार. बोर्डासोबत येणारी रेषा ४० अंशांपासूनच चढायला लागते. मे महिन्यात खोलीच तेवढी तापलेली असते. ती बदलून अशी करा : ६५ अंशांपर्यंत सरळ ३५ टक्के, ८० ला ५५, ८५ ला ८०, ९० ला १००. आय३ ची सहनमर्यादा १०० अंश आणि ५६००जीची ९५, त्यामुळे यात धोका नाही. नेहमीच्या कामात प्रोसेसर ६५ च्या आत राहतो, म्हणजे पंखा दिवसभर एकाच सुरात. पुढच्या पंख्यांना ४० टक्क्यांवर कायम बांधून टाका. काही पंखे एखाद्या ठरावीक वेगाला गुंजतात. ३० पासून पाच-पाच टक्क्यांनी वाढवत ऐका आणि गुंजणारा टप्पा टाळा.

चौथं, 'स्टेप अप टाइम' किंवा तशा नावाची सेटिंग असेल तर तिथला वेळ जास्तीत जास्त करा. क्षणभराच्या तापमानाला मग पंखा दाद देत नाही. बायोसमध्ये एवढी सोय नसेल तर विंडोजवर 'फॅन कंट्रोल' हे मोफत सॉफ्टवेअर आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्ससोबतचं फॅनकंट्रोल हेच काम करतं.

झाल्यावर अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) फिरवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. जानेवारीत चाचणी घेत असाल तर खोलीचं तापमान मोजा आणि ते ४२ पेक्षा जेवढं कमी असेल तेवढे अंश प्रोसेसरच्या आकड्यात मिळवा. बेरीज ८५ च्या आत राहिली तर नवतपा निभावेल. पुढे जात असेल तर मर्यादा ४५ वरून ३५ वॉट करा. पंखे वाढवू नका.

शीळ

मदरबोर्ड, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड यांच्यातल्या कॉइल वीज वेगाने चालू-बंद होताना थरथरतात आणि बारीक किणकिण काढतात. माउस हलवला, पान वरखाली केलं की सूर बदलतो, ही तिची खूण. इथे एक गोष्ट फार मनावर घ्या. वयानुसार वरचे सूर ऐकू येणं कमी होत जातं. चाळिशी-पन्नाशीच्या जुळवणाऱ्याला जे ऐकूच येत नाही, ते बारा वर्षांच्या मुलाला सुईसारखं टोचत असतं. तेव्हा "मला तर काही ऐकू येत नाही" हा निकाल ग्राह्य धरू नका. ज्याच्यासाठी मशीन आहे त्याला, शांत खोलीत, पाच मिनिटं शेजारी बसवा. आणि खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा की शीळ आली तर एसएमपीएस बदलून मिळेल का.

शीळ आलीच तर आधी दुसऱ्या एसएमपीएसवर चालवून बघा. मग बायोसमधल्या सी-स्टेट्स (काम नसताना प्रोसेसरला झोपवणारी सोय) बंद करून बघा. मशीन रिकामी असताना थोडी जास्त वीज खाईल, पण किणकिण बऱ्याचदा थांबते. मॉनिटरही शीळ घालतो, विशेषतः ब्राइटनेस कमी केल्यावर. ब्राइटनेस १०० टक्के करून आवाज थांबला तर दोषी तोच. मॉनिटर घेताना 'फ्लिकर फ्री' लिहिलेला घ्या, डोळ्यांनाही बरा.

खोली

कॉम्प्युटर शांत झाला की खोलीतले बाकीचे आवाज पुढे येतात. छताचा पंखा हळू केल्यावर गुणगुणत असेल तर बहुतेक वेळा दोष रेग्युलेटरचा असतो. सलग फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरऐवजी टप्प्याटप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

यूपीएस लागतोच, वादळी पावसात लाइट जाणं आपल्याला नवं नाही. पण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी लहरीची वीज देतो आणि चांगला एसएमपीएस त्यावर भुणभुणतो. जमलं तर प्युअर साइन वेव्ह घ्या. तो टेबलावर न ठेवता दूर जमिनीवर, रबराच्या तुकड्यावर ठेवा आणि त्याचा बीप बंद करायची सोय असेल तर बंद करा. अचानक वाजणारा बीप हा आवाज न सोसणाऱ्या माणसाला सगळ्यांत वाईट.

कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. त्या हवेसोबत बारीक तुषार येतात, पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे डाग धरतात आणि ओली धूळ पंख्याच्या पात्यांना घट्ट चिकटून त्यांचा तोल बिघडवते. तोल बिघडलेला पंखा घरघरतो. कॅबिनेट कूलरच्या बाजूच्या भिंतीला, झोताच्या बाहेर आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

वर्षभराची देखभाल

मार्चमध्ये, कूलरच्या ताट्या बदलायच्या सुमारास, कॅबिनेट उघडा. मऊ ब्रशने पाती आणि हीटसिंकच्या फटी साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो हवेच्या जोराने वाटेल तसा फिरून बेअरिंग खराब होतं. पुढचा फिल्टर एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. पावसाळ्यात मशीन फारशी वापरात नसेल तरी रोज अर्धा तास सुरू ठेवा, आतली ओल निघून जाते. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा एकदा उघडा, आणि दोन-तीन वर्षांनी, किंवा त्याच कामाला तापमान पूर्वीपेक्षा दहा अंश वर दिसायला लागलं तर, थर्मल पेस्ट बदला.